वारसा : वस्तूंचा आणि धम्माचा

अक्कलकोट हे वारसा जपणारे गाव आहे. छत्रपती शाहू महाराजांचे मानसपुत्र फत्तेसिंह भोसले यांच्या घराण्याचे संस्थान १९४८ साली सोलापूर जिल्ह्यात विलीन झाले. परंतु राजवाड्यातील शस्त्रसंग्रह त्या घराण्याची साक्ष आजही देतो. स्वामी समर्थांचे १८७८ साली निधन झाले. त्यांचा समाधिमठ चोळप्पा या शिष्याच्या घराच्या आवारात आहे आणि स्वामींच्या वापरातील वस्तू चोळप्पांच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या आहेत. अशा गावी वाढणाऱ्या बौद्ध मुलाने, ‘आपल्या घरात पिढीजात असे काय आहे?’ असे विचारले तर त्यास काय उत्तर द्यावे, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

पवित्र वस्तू जतन करणे बौद्ध परंपरेस अमान्य नाही. कालिंगबोधि जातकात चैत्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : शारीरिक म्हणजे अस्थिधातू, पारिभोगिक म्हणजे वापरातील वस्तू वा बोधिवृक्ष, आणि उद्देशिक म्हणजे केवळ स्मरणार्थ निर्मिलेले प्रतीक. मात्र या वस्तूंवर मालकी कोणाची, हा प्रश्न उरतोच. पिप्रहवा येथील स्तूपाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १८९८ साली विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने तो खणला, तेव्हा अस्थी आणि शेकडो रत्ने सापडली. करंडावरील ब्राह्मी लेखात बुद्धांचे धातू स्थापन करणाऱ्या शाक्य बंधूंचा, त्यांच्या भगिनी, पुत्र व पत्नी यांच्यासह उल्लेख आहे. म्हणजे एका कुटुंबाने आपले सर्वांत मोलाचे धन घरात न ठेवता स्तूपास अर्पण केले होते. पुढे अस्थी सयामच्या राजास दिल्या गेल्या, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली आणि काही पेपे कुटुंबाकडे राहिली. मे २०२५ मध्ये हाँगकाँग येथे त्यांचा लिलाव ठरला. जगभरच्या बौद्धांनी विरोध केला, भारत सरकारने कायदेशीर हरकत घेतली. लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परतली. घरचा ठेवा झालेली वस्तू बाजाराची वस्तू होण्यास वेळ लागत नाही, हा यातील धडा आहे.

वस्तूप्रमाणेच विधीही वारशाने येतो. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्ताचा विषय हाच आहे. राजगृहाचा तरुण सिगाल रोज पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करी. कारण विचारता, मरणासन्न वडिलांनी तसे सांगितले होते, एवढेच त्यास ठाऊक होते. तथागतांनी त्याच्या पितृभक्तीचा उपहास केला नाही. त्यांनी त्या विधीला अर्थ दिला. पूर्व दिशा म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, अधोदिशा म्हणजे सेवक व श्रमिक, ऊर्ध्वदिशा म्हणजे श्रमण. दिशेला नमस्कार करणे म्हणजे त्या त्या माणसांशी नीट वागणे. पुत्राच्या पाच कर्तव्यांत वारशास पात्र होणे हेही एक कर्तव्य सांगितले आहे. वारसा जन्माने मिळत असला, तरी पात्रता कर्माने मिळवावी लागते.

पालीत वारसदारास ‘दायाद’ म्हणतात. मज्झिमनिकायातील धम्मदायाद सुत्तात तथागतांनी भिक्खूंना आपल्या भौतिक वस्तूंचे नव्हे, तर धम्माचे वारसदार होण्यास सांगितले आहे. कपिलवस्तूत बालक राहुलाने वारसा मागितला, तेव्हा त्यास धन मिळाले नाही, प्रव्रज्या मिळाली.

आपल्या पूर्वजांच्या वाट्याला आलेला वारसा कोणता होता, हेही विसरता कामा नये. महारकी हे ‘वतन’ होते. वतन म्हणजे पिढीजात हक्क. या हक्काच्या नावाखाली रात्रंदिवसाची राबणूक, तुटपुंजे बलुते आणि गावाच्या दारी कायमचे मिंधेपण पदरात पडे. परमपूज्य बाबासाहेबांनी हे ओळखून १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले; १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. दरम्यान १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बावीस प्रतिज्ञांनी जुनी दैवते आणि श्राद्धपक्षही सुटले. जो वारसा माणसास हीन करतो, तो वडिलार्जित असला तरी टाकून देणे हाच पुरुषार्थ होय. कालाम सुत्तातही केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नये, असाच उपदेश आहे.

मग मुलास द्यावयाचे उत्तर अवघड नाही. आजोबांनी भिंतीवर लावलेली बुद्धांची व बाबासाहेबांची प्रतिमा, पाने सुटलेला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथ, दीक्षेच्या वेळची पांढरी वस्त्रे, हा आमचा ठेवा आहे आणि तो जपलाच पाहिजे. परंतु ग्रंथ कपाटात बंद राहिला आणि प्रतिमेपुढे केवळ उदबत्ती जळत राहिली, तर आपण सिगालाच्या पहिल्या अवस्थेतच राहू. आठवड्यातून एकदा त्या ग्रंथातील एखादे प्रकरण मुलांसह मोठ्याने वाचावे. पंचशील म्हणताना त्यांना त्याचा अर्थ विचारू द्यावा. आणि आजोबांनी काय टाकून दिले, हेही त्यांना सांगावे. अक्कलकोटचा असो वा अन्य गावचा, प्रत्येक बौद्ध कुटुंबाने मुलाच्या हाती एवढे दिले, तर तो धम्माचा खरा दायाद होईल.