भद्रावतीची लेणी, तोफगोळे आणि आपली भाकर

चंद्रपूरहून वरोऱ्याकडे निघाले की वाटेत भद्रावती लागते. गावालगतच्या विजासन टेकडीत प्राचीन बौद्ध लेणी आहेत. डोंगराच्या पोटात सरळ आत गेलेली वाट जेथे संपते तेथे तथागतांची मूर्ती शांत बसलेली दिसते. याच भद्रावतीच्या परिसरात आयुध निर्माणी चांदा हा मोठा कारखाना आहे. १९६२ साली चीनशी युद्ध झाले. आपले सैन्य किती अपुऱ्या तयारीने लढले हे साऱ्या देशाला कळले आणि त्यानंतर केंद्र सरकारने येथे ही निर्माणी उभारली. लेण्यात मैत्रीचा उपदेश आणि काही अंतरावर दारूगोळ्याची निर्मिती! या दोहोंच्या मध्ये आपली वस्ती आहे. म्हणून युद्ध आणि विकास यांचे नाते काय, हा प्रश्न आपल्याला तरी टाळता येणार नाही.

प्रथम खरे बोलले पाहिजे. लष्कराच्या पगारावर आपल्या समाजातील अनेक घरे उभी राहिली आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पलटणीमुळेच त्या पिढीच्या हाती पाटी-पुस्तक आले. पुढे इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा समाजाची प्रगतीची एक वाटच बंद झाली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. निर्माणीतील नोकरीवरही कित्येकांची मुले शिकली, घरावर स्लॅब पडला. अशा घरातील माणसाला कोणी नावे ठेवू नयेत. तो घाम गाळतो, जोखीम पत्करतो. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि ८ जणांचे प्राण गेले. सीमेवर गोळी सुटण्याआधीच कामगाराच्या घरी अंधार होतो तो असा.

पण काही घरांना नोकरी मिळाली म्हणजे देशाचा विकास झाला काय? या प्रश्नाचा हिशेब बाबासाहेबांनीच मांडून ठेवला आहे. १९५१ साली कायदेमंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी जे निवेदन केले, त्यात हिंदू कोड बिलाबरोबरच परराष्ट्र धोरणाचेही कारण होते. देशाचे वार्षिक उत्पन्न ३५० कोटी रुपये आणि त्यातील सुमारे १८० कोटी एकट्या सैन्यावर खर्च होतात, असे त्यांनी दाखवून दिले. हा खर्च आपल्या धोरणाचा थेट परिणाम आहे, आपण मित्र जोडले नाहीत म्हणून सारा भार आपल्यावर आला, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेब सैन्याच्या विरोधात नव्हते. मात्र शेजाऱ्याशी वैर वाढले की त्याची किंमत गरिबाच्या ताटातून वसूल होते, हे त्या अर्थशास्त्रज्ञाला स्पष्ट दिसत होते. गडचिरोलीच्या जंगलातील गावात डॉक्टर नाही, पावसाळ्यात नाल्यावर पूल नाही, मुलीला शाळेसाठी मैलोन्मैल चालावे लागते; ही त्याच ताटातली उणीव आहे.

मग शेजाऱ्याशी भांडण झालेच तर काय करावे? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीची हकीकत दिली आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात शेतीच्या पाण्यावरून तंटा पेटला. सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. तरुण सिद्धार्थाने विरोध केला आणि तोड सुचवली : दोन माणसे आपली, दोन त्यांची, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा द्यावा. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. सिद्धार्थाने घर सोडले, परंतु युद्धाला संमती दिली नाही.

आपल्या भागाच्या टोकालाही अशीच एक नदी आहे. सिरोंचाजवळ गोदावरीच्या एका तीरावर महाराष्ट्र, दुसऱ्या तीरावर तेलंगणा. पाण्याचा वाद वर्षानुवर्षे चालला, पण २३ ऑगस्ट २०१६ रोजी दोन्ही सरकारांनी करार केला आणि २०१९ साली मेडीगड्डा बंधाऱ्याचे उद्घाटन झाले. ही दोन राज्ये एकाच देशातील आहेत, हे खरे. तरीही तंटा टेबलावर बसून मिटतो हे सिद्ध झाले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांच्या शेतात पाणी शिरले त्या सिरोंचाच्या शेतकऱ्यांना मोबदल्यासाठी आंदोलने करावी लागली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तर बंधाऱ्याचे खांबच खचले. दोन सरकारांचा समेट झाला म्हणजे तीरावरच्या माणसाला न्याय मिळाला असे होत नाही.

तथागतांनी हे फार पूर्वी ओळखले होते. कूटदंत सुत्तात राजा महाविजिताला त्याचा पुरोहित सांगतो की, राज्यातील लूटमार फाशीने आणि तुरुंगाने थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला योग्य वेतन दे. राजाने तसे केले तेव्हा खजिना भरला आणि लोक दारे उघडी टाकून, मुलांना मांडीवर खेळवीत सुखाने राहू लागले. ज्या घरात पोट भरलेले आहे, मुलगा कामाला लागला आहे, त्या घरातील माणूस कोणी चिथावले म्हणून सहजासहजी पेटून उठत नाही.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. दरवर्षी आपण त्या दीक्षाभूमीवर लाखोंच्या संख्येने जमतो. या वर्षी तेथून परतताना विजासनलाही मुलांना घेऊन जा. लेणी दाखवा आणि निर्माणीही कोणत्या बाजूला आहे ते सांगा. युद्धाच्या गरजेतून या भागाला रोजगार मिळाला, हे त्यांच्यापासून लपवू नका; पण तेवढाच रोजगार शाळेतून, दवाखान्यातून, सिंचनातून आणि जंगलाच्या उपजावरील गावाच्या हक्कातूनही उभा राहू शकतो, हेही समजावून सांगा. मत मागायला येणाऱ्याला आपल्या माताभगिनींनी एवढेच विचारावे : तोफेसाठी पैसा आहे, तो असू द्या, आमच्या गावच्या दवाखान्यासाठी किती आहे?