दिव्याखालचा अंधार

रोह्याला एका स्नेह्यांच्या घरी पावसाळ्यात आम्ही दोन दिवस मुक्कामाला होतो. घर जुने, कौलारू. अंगणातून ओटीवर चढायला तीन पायऱ्या. आदल्या वर्षी घरातल्या आजी याच पायऱ्या उतरताना पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. म्हणून मुलाने दारावर ५० वॉटचा एलईडी फोकस लावला. अंगण, शेजारची भिंत, समोरचा रस्ता, सारे लखलखून गेले. तरीही रात्री उतरताना आजी एका हाताने खांब धरीत आणि पायाने पायरी चाचपडीत. एवढ्या उजेडातही दिसत नाही का, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "उजेड आहे हो, पण पायरी कुठे दिसते?"

आजींची तक्रार अगदी शास्त्रीय होती. दिवा किती मोठा आहे यापेक्षा तो कोठे आहे आणि कोणीकडे पाहतो आहे, यावर आपल्याला काय दिसणार हे ठरते. घराच्या दारापाशी तर हे फारच महत्त्वाचे. पायऱ्या तेथे, ओली फरशी तेथे आणि पावसाळ्यात सरपटणारे जनावर यायचे तेही तेथेच.

आपलीच सावली

प्रथम भूमिती पाहू. समजा, दिवा दारावर ओटीच्या जमिनीपासून २.४ मीटर उंच आहे. १.६ मीटर उंचीची व्यक्ती दिव्यापासून १ मीटर पुढे, म्हणजे पायऱ्यांच्या कडेशी येऊन उभी राहिली. दिवा तिच्या पाठीशी असल्याने सावली पुढे पडणार. तिची लांबी 'क्ष' मानली, तर समरूप त्रिकोणांवरून १.६/क्ष = २.४/(क्ष + १). यावरून क्ष = २ मीटर. तीन पायऱ्यांची एकूण रुंदी असते सुमारे ९० सेंटिमीटर. म्हणजे उतरणाऱ्याची सावली सगळ्या पायऱ्या झाकून अंगणात पोचते! दिवा ५० ऐवजी १०० वॉटचा केला तरी ही सावली तसूभरही हलत नाही. पणतीच्या बुडाशी तिच्याच मातीची सावली पडते म्हणून 'दिव्याखाली अंधार' ही म्हण आली. येथे पणतीच्या बुडाचे काम आपण स्वतः करतो.

डोळ्यांतला पडदा

बाहेरून येणाऱ्याची अडचण वेगळी. त्याच्या पुढ्यातच फोकस असतो. पारपटल आणि नेत्रभिंग कितीही स्वच्छ असले, तरी त्यांतून जाणारा थोडा प्रकाश विखुरतो आणि सगळ्या दृष्टिपटलावर धूसर पडद्यासारखा पसरतो. या पडद्याआड अंधुक वस्तू बुडून जातात. कुंडीमागची किंवा पायरीच्या कोपऱ्यातली सावली मग काळीकुट्ट भासते. यालाच आपण डोळे दिपणे म्हणतो. हॉलडे आणि स्टाइल्स या संशोधकांनी १९२०च्या दशकात याची मोजमापे केली. नजरेची दिशा आणि दिवा यांच्यातील कोन दुप्पट झाला, तर हा पडदा साधारणपणे चौपट विरळ होतो, असे त्यांतून दिसते. म्हणून फाटकाच्या खांबावर नेमका डोळ्यांच्या उंचीला लावलेला उघडा गोळा सर्वांत त्रासदायक.

वयाबरोबर यात भर पडते. म्हातारपणी बाहुली पुरेशी मोठी होत नाही, भिंग पिवळसर व गढूळ होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या मानाने साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. आजींना उजेड जास्त हवा हे खरे. पण तो पायरीवर हवा, डोळ्यांत नव्हे.

शिवाय अंधारात पाहण्याचे काम करणाऱ्या दंडपेशींना पूर्ण सज्ज व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि प्रखर दिव्याकडे काही क्षण पाहिले की ही तयारी वाया जाते. फोकसच्या उजेडातून अंधाऱ्या रस्त्यावर पाऊल टाकणारा माणूस काही काळ जवळजवळ आंधळाच असतो.

पेणचे कारागीर आणि तुळशीपुढची पणती

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालते तेव्हा जरूर पाहावे. हे काम चुकीला जागा नसलेले. आपल्या हाताची सावली कुंचल्याच्या टोकावर येणार नाही आणि दिवा डोळ्यांत जाणार नाही, अशा बेताने कारागीर बसतो. बाजूने येणाऱ्या तिरप्या प्रकाशात उंचसखलपणा उठून दिसतो, हेही तो अनुभवाने जाणतो. पायरीला नेमके हेच लागू पडते. प्रकाश बाजूने आला की पायरीचा आडवा पृष्ठभाग उजळ आणि उभा भाग गडद दिसतो. दोहोंमधली कड स्पष्ट होते.

जुन्या घरांतील तुळशीपुढची पणतीही आठवावी. एका ज्योतीची तीव्रता सुमारे १ कॅंडेला. व्यस्त वर्गाच्या नियमाने ३ मीटरवर तिचा प्रकाश १/९ लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याहूनही थोडा कमी. पण ती ओटीच्या समोर असे, त्यामुळे उतरणाऱ्याची सावली त्याच्या मागे पडे आणि पायऱ्या मोकळ्या राहत. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तेवढे पुरत असे.

किती उजेड, कोणत्या रंगाचा?

३ वॉटचा एलईडी बल्ब सुमारे ३०० ल्युमेन प्रकाश देतो. उघडा ठेवला तर निम्मा प्रकाश वर, कौलांकडे आणि आकाशात जातो. त्यावर आतून पांढरा रंग दिलेली पत्र्याची टोपी बसवली, की बराचसा प्रकाश खाली वळतो. थोडा टोपीत वाया गेला असे धरले, तरी २ मीटर अंतरावर ८-९ लक्स मिळतात. पौर्णिमेचे चांदणे असते जास्तीत जास्त पाव लक्सच्या आसपास. म्हणजे या छोट्या दिव्याने तिसाहून अधिक पट उजेड होतो!

रंगाचेही पाहावे लागते. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश निर्माण होतो आणि फॉस्फरचा लेप त्यातील काही भागाचे पिवळ्यात रूपांतर करतो. (निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे नोबेल पारितोषिक मिळाले.) दिव्याच्या खोक्यावर ६५०० के. लिहिलेले असेल तर त्यात निळा भाग जास्त, २७०० के. असेल तर कमी. बहुतेक निशाचर कीटकांना निळा आणि अतिनील प्रकाश अधिक खेचतो. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी पांढऱ्या दिव्याभोवती कशी घोंघावते, हे सर्वांनी पाहिलेलेच आहे. किड्यांमागे पाली आणि बेडूक येतात, आणि बेडकांमागे साप येऊ शकतो. रायगड जिल्ह्यात ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंश आणि सर्पदंशावर आयुष्यभर काम केले, ते याच जिल्ह्यात. म्हणून दारापाशी पिवळसर दिवा बरा. हालचाल ओळखून आपोआप लागणारा दिवा सोयीचा खरा, पण तो गरम शरीराच्या अवरक्त किरणांवर चालतो. सापाचे शरीर सभोवतीच्या तापमानाचे असल्याने त्याच्यासाठी हा दिवा लागेलच असे नाही. तेव्हा दिवा असला तरी पायांत चपला आणि हातात बॅटरी हवीच.

अनावश्यक उजेडाचा भुर्दंड इतरांनाही पडतो. मे-जूनमध्ये काजव्यांचे नर-मादी लुकलुकण्याच्या खुणांनी एकमेकांना शोधतात. प्रखर दिव्यात त्या खुणा हरवतात. अंधाराचे हे मोल ओळखूनच पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली.

पावसाची काळजी

कोकणच्या पावसात दिवा टिकायचा तर तो पागोळ्यांच्या आत, वळचणीखाली असावा. दिव्यावर 'आयपी' या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीपासून व दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण सांगतो. ४४ म्हणजे शिंतोड्यांना पुरेसा, ६५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यालाही. दिव्यात शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा स्विच यांत मात्र काटकसर नको. हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.

करून पाहा

रोह्याच्या घरी आम्ही सुचवले ते एवढेच. फोकस बंद केला. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर ३-३ वॉटचे पिवळसर दिवे टोप्या घालून लावले, म्हणजे एकाची सावली दुसरा उजळतो. पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा ओढला. रोज ६ तास धरले तर फोकसला वर्षाला सुमारे ११० युनिट वीज लागली असती. या दोन दिव्यांना १३ लागतात. आजी अजूनही खांब धरतात, पण पाय चाचपडत नाहीत.

विद्यार्थ्यांना हा प्रयोग घरी करायला सांगता येईल. रात्री दारासमोर ५-६ मीटरवर उभे राहून पायऱ्या आणि कोपरे नीट पाहा. मग तळहात असा धरा की फक्त दिवा झाकला जाईल. कोपरे अधिक स्पष्ट दिसू लागले, तर दिवा चुकीच्या जागी आहे. नंतर दाराकडे पाठ करून पायऱ्यांच्या कडेशी उभे राहा आणि आपली सावली कोठवर जाते ते पट्टीने मोजा. दिव्याची उंची आणि अंतर घेऊन वरचे गणित प्रत्येकाने आपल्या घरापुरते सोडवावे. वर्गातील साऱ्या नोंदी एकत्र केल्या, तर गावातील किती पायऱ्या दिवा असूनही अंधारात आहेत, ते कळेल. त्यांतील ज्या घरांत म्हातारी माणसे आहेत, तेथून सुरुवात करता येईल.