झाडपाला आणि औषध

झाडपाल्यात औषध असते, ही आपल्या वाडवडिलांची समजूत खोटी नाही. पण झाडपाला म्हणजेच औषध काय? हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरातच उभा राहिला.

आजोबांना प्रोस्टेटचा कर्करोग आहे. मूत्राशयाखालची ही अक्रोडाएवढी ग्रंथी फक्त पुरुषांत असते. रोग हाडांत पोचला, हार्मोन रोखणाऱ्या औषधांना जुमानेनासा झाला, तेव्हा डॉक्टरांनी डोसिटॅक्सेलची इंजेक्शने सांगितली. गावाकडून मात्र काढ्याची बाटली आली. आजोबा म्हणाले, "रसायन नको लेका, झाडाचंच औषध बरं." घरात कॉलेजची पायरी चढलेला मी एकटाच, त्यामुळे औषधाची माहिती वाचण्याचे काम माझ्याकडे आले. वाचतो तो काय, ते इंजेक्शनही मूळचे झाडाचेच!

१९६२ साली अमेरिकेत कर्करोगावरील वनस्पतींचा शोध चालू असताना यू नावाच्या सदाहरित वृक्षाची साल गोळा करण्यात आली. तिच्यातील टॅक्सॉल हे द्रव्य वेगळे करून त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध करणाऱ्या शास्त्रज्ञांत मन्रो वॉल यांच्याबरोबर मनसुख वाणी होते. हे वाणी आपल्या नंदुरबारचे! १९७९ साली सुझन हॉरविट्झ यांनी त्याचे कार्य उलगडले. पेशी दुभंगताना आत सूक्ष्म नलिकांचा जणू मांडव घालते आणि काम होताच तो सोडते. टॅक्सॉल त्या मांडवाच्या गाठी सुटूच देत नाही. विभाजन अडते व पेशी मरते.

पण साल काढली की झाड मरते, आणि सालीत द्रव्य अत्यल्प. म्हणून फ्रान्समधील संशोधकांनी युरोपीय यूच्या पानांतील द्रव्यापासून डोसिटॅक्सेल घडविले. पाने पुन्हा फुटतात. २००४ साली प्रोस्टेट कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते अशा रुग्णांचे आयुष्य सरासरी काही महिन्यांनी वाढविते, रोग समूळ घालवीत नाही. केस गळतात, पांढऱ्या पेशी घटतात. हेही सांगितले पाहिजे.

"मग त्या झाडाचा पालाच उकळून घेऊ की," आजोबा म्हणाले. तेवढेच नको! यूचा पाला विषारी आहे. तो खाऊन जनावरे दगावतात. विषाचे औषध होते ते द्रव्य शुद्ध करून, मात्रा ठरवून, रुग्णांवर पारखून. आपल्या हळदीतील कुर्कुमिननेही प्रयोगशाळेत प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली आहे. परंतु पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते, आणि रुग्णांवरील उपचार म्हणून ते अद्याप सिद्ध झालेले नाही. परसातली हळद आणि यू यांच्यात अंतर आहे ते या पारखीचे.

आजोबांनी बाटली फेकली नाही. पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला नेली. डॉक्टरांनी काढा थांबवायला सांगितला आणि त्याच दिवशी पहिले इंजेक्शन झाले. घरी काढा चालू असेल, तर तो डॉक्टरांपासून लपवू नये, एवढेच माझे वाचकांना सांगणे आहे.