रात्री तीनला प्रोसेसर कुणासाठी राबतो?

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या आसपास लहान-मोठ्या पॅथॉलॉजी लॅब आहेत. सकाळी सात ते अकरा ही त्यांची धांदलीची वेळ. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं, साखर, थायरॉइड, सीबीसी. त्यातल्या एका लॅबचा रिपोर्टचा सर्व्हर मंदावला म्हणून मला बोलावणं आलं. सर्व्हर म्हणजे टेबलाखाली ठेवलेला, चार कोअरचा, लिनक्सवर चालणारा साधा संगणक. एरवी बोट लावताच उघडणारा रिपोर्ट आता मिनिट-मिनिट घेत होता, आणि बाहेर बाकावर नातेवाईक ताटकळत होते. तिथली तंत्रज्ञ म्हणाली, "सर, आधी हा पंखा एवढा ओरडत नव्हता. आता सकाळी कुलूप काढलं की पहिला आवाज त्याचाच येतो."

निदानाला यापेक्षा चांगली सुरुवात मिळत नाही. रात्रभर लॅब बंद, मग सर्व्हरला एवढं काम कोण देत होतं?

लिनक्स स्वतःवरच्या भाराचा एक हिशोब सतत मांडत असतं, त्याला लोड ॲव्हरेज म्हणतात. त्यात तीन आकडे असतात: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. रुग्णालयात केसपेपरच्या चार खिडक्या आहेत असं समजा. चारही खिडक्यांवर एकेक माणूस उभा असेल आणि मागे कुणी नसेल, तर भार ४. आकडा ८ झाला तर आणखी चार जण रांगेत आहेत. म्हणजे चार कोअरच्या यंत्रावर ४ हा आकडा ‘पूर्ण भरलेलं, पण रांग नाही’ असं सांगतो, आणि तोच आकडा दोन कोअरच्या यंत्रावर चिंतेचा ठरतो. कोअर किती हे ठाऊक नसताना नुसता आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. शिवाय डिस्ककडून उत्तराची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही, म्हणजे चालू प्रोग्रॅमही, लिनक्स यात धरतं, त्यामुळे कधी कधी भार प्रचंड दिसतो आणि प्रोसेसर मात्र निवांत असतो. तेव्हा दोष डिस्कचा असतो.

इथे तसं नव्हतं. सुदैवाने ‘सार’ ही नोंदवही चालू होती. ती दर १० मिनिटांनी प्रोसेसरचा वापर टिपून ठेवते. जुन्या नोंदींत लॅबचा दिवस स्पष्ट वाचता येत होता: सकाळी चढ, दुपारी उतार, संध्याकाळी रिपोर्ट न्यायला गर्दी झाली की पुन्हा थोडी हालचाल, रात्री जवळजवळ शून्य. मग एका रात्री आलेख एकदम वर गेला आणि तिथेच राहिला. पहाटे तीनलाही तेवढाच, सकाळी नऊलाही तेवढाच. माणसांच्या कामाला चढउतार असतात, आणि बॅकअपसारखं यंत्राचं कामही कधीतरी संपतं. न संपणारी सपाट रेष दिसली की माझा संशय पक्का होऊ लागतो.

यानंतर ‘टॉप’ ही आज्ञा. १९८४ मध्ये विल्यम लेफेव्हर यांनी ती लिहिली, आणि आजही सर्व्हर सांभाळणाऱ्याचा हात आधी तिच्याकडेच जातो. तिच्या यादीत सगळ्यात वर एक प्रोसेस होती. प्रोसेसरचा वापर ४०० टक्क्यांच्या अगदी जवळ, म्हणजे चारही कोअर पूर्ण गिळलेले. मेमरी दोन जीबीच्या वर. वापरकर्ता ‘पोस्टग्रेस’, म्हणजे रिपोर्ट साठवणाऱ्या डेटाबेसचा. आणि नाव ‘के-डेव्ह-टीएमपीएफएस-आय’.

या नावात फसवणूक आहे. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ‘के-डेव्ह-टीएमपीएफएस’ नावाची एक खरी प्रोसेस असते. यंत्राला जोडलेल्या उपकरणांच्या फायली सांभाळण्याचं काम ती करते. शेवटचा ‘आय’ तिच्या नावात नसतो. घाईत असलेला माणूस ‘हे सिस्टिमचंच काहीतरी असेल’ म्हणून पुढे जाईल, हा नाव ठेवणाऱ्याचा हिशोब. पण कर्नलच्या प्रोसेसना काही ठाम खुणा असतात. त्या ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावावर चालतात, त्यांचा पालक सहसा दोन नंबरची प्रोसेस असतो, आणि त्यांच्यामागे डिस्कवरची कुठलीही फाइल नसते. इथे वापरकर्ता वेगळा होता. प्रोसेसच्या क्रमांकावरून ‘प्रॉक’ या फोल्डरमध्ये शिरून तिची मूळ फाइल विचारली, तर उत्तर आलं ‘टीएमपी’. तात्पुरत्या फायलींच्या या फोल्डरमध्ये यंत्रावरचा कुणीही लिहू शकतो. तिथून चालणाऱ्या प्रोग्रॅमचा जाब विचारलाच पाहिजे.

नुसत्या नावावरून निकाल देणंही चूकच. ‘के-स्वॅप-डी-शून्य’ ही कर्नलची खरी प्रोसेस मेमरी कमी पडली की प्रोसेसर खाते. त्यात तिचा गुन्हा नाही, बिचारीला कचरा हलवायचा असतो. पण ‘आउटलॉ’ या टोळीचा घुसखोर प्रोग्रॅमही तेच नाव लावून फिरतो. दोघांची नावं अक्षरशः सारखी. वेगळा असतो तो वापरकर्ता आणि फाइलचा पत्ता.

मला खरा धागा दिला तो मेमरीच्या आकड्याने. मोनेरो हे एप्रिल २०१४ मध्ये सुरू झालेलं आभासी चलन. ३० नोव्हेंबर २०१९ पासून त्याच्या उत्खननासाठी, म्हणजे गणितं सोडवून नवी नाणी मिळवण्यासाठी, ‘रँडमएक्स’ ही गणितपद्धत वापरली जाते. बिटकॉइनचं उत्खनन खास त्यासाठी घडवलेल्या चिपनी ताब्यात घेतलं. मोनेरोच्या लोकांना ते नको होतं. घरचा साधा प्रोसेसरही स्पर्धेत टिकावा म्हणून त्यांनी अशी रचना केली की यंत्राला सतत नवे, यादृच्छिक छोटे प्रोग्रॅम चालवावे लागतात. त्यासाठी मेमरीत २०८० मेबीबाइटचा, म्हणजे इथे दिसला तसा दोन जीबीच्या वरचा, एक मोठा तक्ता उभा राहतो, आणि प्रत्येक धाग्याला, म्हणजे थ्रेडला, प्रोसेसरच्या कॅशमधली २ मेबीबाइट जागा लागते. कॅश ही प्रोसेसरच्या पोटातली सर्वांत वेगवान मेमरी, आणि ती मोजकीच असते. उत्खनन करणाऱ्याने ती व्यापली की रिपोर्टच्या प्रोग्रॅमला प्रत्येक गोष्टीसाठी मुख्य मेमरीकडे धावावं लागतं. ‘चार कोअर वाटून घेतले, तर निम्मा वेग तरी मिळायला हवा’ हा अंदाज म्हणूनच खोटा ठरतो.

रँडमएक्सचा हेतू चांगला होता असं मी मानतो. पण परिणाम असा झाला की जगातला प्रत्येक साधा, दुर्लक्षित सर्व्हर चोरण्याजोगा झाला. एका यंत्रातून मिळकत फुटकळ होते; चोराला यंत्रं हजारोंनी हवी असतात, कारण वीज त्याची नसते. प्रोसेसर ६५ वॉट जास्त खात असेल, तर दिवसाला दीड युनिटहून अधिक आणि महिन्याला सुमारे ४७ युनिटं. शीवमध्ये ती ‘बेस्ट’च्या बिलात येतात, आणि भरतो लॅबचा मालक.

अशा वेळी बहुतेकांच्या हातून एकच गोष्ट होते: प्रोसेस मारून टाकायची. पंखा शांत होतो, सुटकेचा निःश्वास सुटतो, आणि मिनिटभरात तीच प्रोसेस नव्या क्रमांकाने हजर होते. कारण ती एकटी नसते. ‘किन्सिंग’ नावाचा दुसरा प्रोग्रॅम तिच्यावर राखण करतो. तोच घुसखोरीचा खरा सूत्रधार, गो भाषेत लिहिलेला. उत्खनन करणारी प्रोसेस त्याची मजूर. याशिवाय ‘क्रॉन’ या वेळापत्रकात एक ओळ घुसवलेली असते: दर मिनिटाला अमुक पत्त्यावरून फाइल आण आणि चालव. लॅबमध्ये ती ओळ पोस्टग्रेसच्या वेळापत्रकात सापडली. या टोळ्यांच्या स्क्रिप्टमध्ये प्रतिस्पर्धी टोळ्यांचे प्रोग्रॅम शोधून मारण्याच्या आज्ञाही असतात. एका प्रोसेसरवर दोन चोर मावत नाहीत.

म्हणून मी आधी इंटरनेटची वायर काढली. लॅबच्या आतलं जाळं चालू ठेवलं. मग प्रोसेस न मारता गोठवली. लिनक्समध्ये ‘स्टॉप’ असा संकेत पाठवता येतो. प्रोसेस यादीत जिवंत दिसते, राखणदाराला सहसा संशय येत नाही, आणि तिच्या मेमरीतले पुरावे शाबूत राहतात. प्रोसेसर तत्क्षणी मोकळा झाला आणि अडकलेले रिपोर्ट निघू लागले. आधी बाकावरची माणसं मार्गी लागली पाहिजेत, तपास त्यानंतर.

दार कुठलं होतं? प्रत्येक प्रोसेसला जन्म देणारी एक प्रोसेस असते, पण इथे पालकाच्या रकान्यात १ दिसत होता. मूळ पालक मेला की पोर एक नंबरच्या प्रोसेसच्या नावावर लागतं. माग पुसायला घुसखोर हेच करतात. मग सुरुवातीची वेळ पाहिली आणि पोस्टग्रेस डेटाबेसची नोंदवही त्या वेळेपाशी उघडली. अनोळखी पत्त्यांवरून ‘पासवर्ड चुकीचा’ अशा ओळींची रांग लागली होती, आणि मग ती थांबली होती. पासवर्ड सापडला होता. तो वापरकर्त्याच्याच नावाचा होता.

पोस्टग्रेस मुळात फक्त स्वतःच्या यंत्रावरून आलेल्यांशीच बोलतो. पण डॉक्टरांना घरून रिपोर्ट पाहायचे होते, म्हणून सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने डेटाबेस सगळ्यांना उघडा केला आणि राउटरवर ५४३२ हे त्याचं पोर्ट थेट इंटरनेटला जोडलं. पोस्टग्रेसमध्ये एक सोय आहे: सर्वाधिकार असलेला वापरकर्ता तक्त्यात माहिती भरताना यंत्रावरचा एखादा प्रोग्रॅम चालवून त्याचं उत्तर घेऊ शकतो. २०१९ मध्ये कुणीतरी ती त्रुटी म्हणून नोंदवली, तेव्हा पोस्टग्रेसच्या लोकांनी ती त्रुटी नसून हेतुपूर्वक ठेवलेली सोय असल्याचं सांगितलं. डिसेंबर २०२० मध्ये ‘पीजीमायनर’ या घुसखोराची माहिती बाहेर आली. त्याने हीच सोय वापरली होती. मी या वादात पोस्टग्रेसच्या बाजूचा आहे. सर्वाधिकार इंटरनेटवर उघडा टाकला तर कुठलीच सोय सुरक्षित राहत नाही.

भारावरून घुसखोरी ओळखण्याची गोष्ट जुनी आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ अमेरिकी विद्यापीठांत पसरला, तेव्हा त्याची पहिली चाहूल लागली ती मंदावलेल्या यंत्रांवरूनच. २०१८ मध्ये पुण्याच्या ‘क्विक हील’ने जानेवारी ते मे या काळात अशा चोरट्या उत्खननाचे ३० लाखांहून अधिक प्रयत्न टिपल्याचं सांगितलं होतं, त्याच वर्षी आंध्र प्रदेशातल्या काही सरकारी संकेतस्थळांवर तोच प्रकार उघड झाला. मे २०२० मध्ये तर युरोपातले अनेक महासंगणक बंद ठेवावे लागले, एडिनबराचा ‘आर्चर’ त्यातलाच. चोरलेल्या लॉगिनवरून घुसखोर शिरले होते, आणि काही यंत्रांवर मोनेरोचं उत्खनन चालल्याचं दिसलं.

सगळे घुसखोर इतके ढळढळीत नसतात. काही जण यंत्राला सामायिक लायब्ररींच्या आधी स्वतःची फाइल वाचायला लावतात, आणि मग ‘टॉप’सुद्धा त्यांचं नाव गाळून यादी दाखवते. वर प्रोसेसर १०० टक्के, खाली एकही दोषी नाही. बेरीज जुळत नसेल, तर त्या यंत्रावरच्या हत्यारांवर विश्वास ठेवू नये. पेन ड्राइव्हवरून स्वच्छ लिनक्स सुरू करून डिस्क बाहेरून तपासावी.

लॅबच्या मालकांनी विचारलं, "साफ झालं ना आता?" मी नाही म्हणालो. घुसखोर किती पायऱ्या चढला हे खात्रीने सांगता येत नाही, तेव्हा डिस्क पुसून नव्यानेच सगळं बसवावं लागतं. जुन्या सर्व्हरवरून फक्त माहिती घेतली, प्रोग्रॅम एकही नाही. माहितीतही अनोळखी तक्ते, फंक्शन्स आणि नवे सर्वाधिकारी वापरकर्ते आहेत का ते पाहिलं. घरून रिपोर्ट पाहण्यासाठी व्हीपीएन आलं, ५४३२ बंद झालं. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासांत तिला कळवायची असते. परवानगीविना यंत्रात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांखाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मालक आधी कचरले. लॅबचं नाव खराब होईल ही भीती. पण त्या डिस्कवर रुग्णांचे रिपोर्ट होते, आणि ज्याने प्रोसेसर वापरला त्याला ते वाचताही आले असते. गोठवलेल्या प्रोसेसच्या मेमरीची प्रत, क्रॉनमधली ती ओळ आणि डेटाबेसची नोंदवही तक्रारीसोबत जोडली.