रक्तातील क्लोराइडची तपासणी : आकडा आणि अन्वयार्थ

भूम तालुक्यातील ईट आणि परिसर हा अवर्षणप्रवण भाग. येथील सुशिक्षित वाचकाला ‘क्लोराइड’ हा शब्द बहुधा प्रथम भेटतो तो कूपनलिकेच्या पाण्याच्या अहवालात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने त्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम ठरविली असून, पर्यायी स्रोत नसल्यास १००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली आहे. रक्ताच्या अहवालात हाच शब्द दिसला की दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह होतो. परंतु तो सहसा निराधार असतो. अन्नपाण्यातून आलेले जादा क्लोराइड निरोगी मूत्रपिंडे मूत्रावाटे बाहेर टाकतात.

रक्तद्रवातील क्लोराइडचे प्रमाण प्रौढांत साधारणतः लिटरमागे ९६ ते १०६ मिलिमोल असते; प्रयोगशाळेनुसार या मर्यादा किंचित बदलतात. सोडिअम, पोटॅशिअम व बायकार्बोनेट यांच्यासमवेतच ही तपासणी केली जाते आणि त्यांच्यासमवेतच ती वाचावी लागते. सुटा आकडा फारसे काही सांगत नाही.

उदाहरणादाखल दोन रुग्ण कल्पिता येतील. दोघांचेही सोडिअम १४० आणि बायकार्बोनेट १२, म्हणजे दोघांच्याही रक्तात आम्लता वाढलेली. पहिल्याचे क्लोराइड ११६, दुसऱ्याचे १०४. सोडिअममधून क्लोराइड व बायकार्बोनेट यांची बेरीज वजा केल्यास पहिल्या रुग्णात १२ उरतात, दुसऱ्यात २४. या बाकीस ‘ॲनायन गॅप’ म्हणतात. ती सामान्यतः ८ ते १२ असते. पहिल्या रुग्णाचे बायकार्बोनेट अतिसारातून वाहून गेले असावे व त्याची जागा क्लोराइडने घेतली असावी. दुसऱ्याच्या रक्तात मात्र एखादे निराळेच आम्ल साचले आहे. अनियंत्रित मधुमेहातील कीटोआम्लांचा विचार येथे तातडीने करावा लागतो. दोघांचे उपचार वेगळे, आणि हा भेद दाखवून देतो तो क्लोराइडचा आकडा. अहवालातील सर्वांत दुर्लक्षित ओळ तीच असावी, हे नवलच.

सततच्या उलट्यांत याच्या उलट घडते. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर गेल्याने क्लोराइड घटते आणि रक्त अल्कधर्मी होते. लघवी वाढविणाऱ्या काही औषधांचाही असाच परिणाम दिसतो. उन्हातान्हात राबणाऱ्या मजुराच्या घामातून मिठापेक्षा पाणी अधिक जाते, म्हणून प्रारंभी सोडिअम व क्लोराइड दोन्ही वाढू शकतात. पुढे केवळ साधे पाणी अतिप्रमाणात प्यायल्यास दोन्ही घटतात. ब्रोमाइडयुक्त औषधे घेणाऱ्याचे क्लोराइड मात्र काही यंत्रांवर खोटेच वाढलेले दिसते.

अशक्तपणा आला की ‘सलाईन लावा’ हा आग्रह ग्रामीण भागाला परिचित आहे. रक्ताच्या तुलनेत ०.९ टक्के सलाईनमध्ये क्लोराइड बरेच अधिक, लिटरमागे १५४ मिलिमोल असते; रिंगर लॅक्टेटमध्ये ते सुमारे १०९. सलाईन मोठ्या प्रमाणात दिल्यास क्लोराइड वाढून आम्लता निर्माण होऊ शकते. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांसाठी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे द्रावण तोंडावाटे वापरले, तेव्हा शिरेतून द्यावयाच्या द्रावांचा साठाच अपुरा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये स्वीकारलेल्या जलसंजीवनीच्या सूत्रात क्लोराइड लिटरमागे ६५ मिलिमोल आहे. पूर्वीच्या सूत्रात ते ८० होते. शुद्ध हरपलेली नसेल आणि उलट्या आवाक्यात असतील, तर जुलाबाच्या बहुतेक रुग्णांना हे द्रावण पुरते.