लसूण, तेल आणि धाग्याचा रिश्ता

तरावीहची नमाज आटोपून माणसे घरी परततात तेव्हा इफ्तारचा खजूर, फळे, भजी कधीच जिरलेली असतात आणि सेहरीला बराच अवकाश असतो. पोटाला थोडेसे काही हवे असते, पण पुन्हा मोठा स्वयंपाक मांडायची घरातल्या कोणाचीच तयारी नसते. गरम, पंधरा-वीस मिनिटांत होणारे आणि घरात असेल त्यावर भागणारे काहीतरी हवे असते.

इटलीत या अवेळच्या खाण्याला नावच आहे. ‘स्पगेत्ताता दी मेत्सानोत्ते’, म्हणजे मध्यरात्रीची स्पॅगेटी. मित्रमंडळी उशिरा घरी जमली आणि फडताळात फारसे काही नसले, की मोठ्या पातेल्यात पाणी चढते. त्या वेळी बहुधा जो पदार्थ होतो त्याचे नाव ‘आल्यो ए ओल्यो’. आल्यो म्हणजे लसूण, ओल्यो म्हणजे तेल. त्यात लाल मिरची पडली की ‘पेपेरोंचीनो’ हा शब्द नावाला जोडला जातो. कांदा नाही, टोमॅटो नाही, मसाला नाही. हा पदार्थ मूळचा नेपल्सचा मानला जातो. दक्षिण इटलीतल्या कष्टकऱ्यांच्या घरात मांस आणि चीज रोज परवडत नसे, तेव्हा कोरडी पास्ता, लसूण आणि तेल यांवर जेवण उरकले जाई.

आपल्याकडच्या हॉटेलांत याच नावाखाली मलई, चीज, मशरूम, कधी चिकनही घातलेली बशी समोर येते आणि बिलही त्याच मापाने येते. घरी करायचा पदार्थ त्याहून साधा आहे, स्वस्त आहे आणि नीट जमला तर चवीलाही सरस आहे. मात्र तो जमवण्याआधी त्या धाग्याची थोडी ओळख करून घ्यायला हवी, कारण तो आपल्याला वाटतो तितका परका नाही.

जहाजे भरभरून गेलेला धागा

पास्ता मार्को पोलोने चीनहून इटलीत आणली, ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. ती खरी नाही. मार्को पोलो व्हेनिसला परतला 1295 मध्ये. त्याच्या 16 वर्षे आधी, 1279 मध्ये, जेनोआच्या एका नोटरीने केलेल्या शिपायाच्या मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीच्या साठ्याची नोंद आहे. याहून जुनी नोंद सिसिली बेटावरची आहे आणि ती अरबी भाषेत आहे.

सिसिलीवर मुसलमानांची स्वारी 827 मध्ये सुरू झाली. पुढे 1072 मध्ये नॉर्मन ख्रिस्ती सरदारांनी पालेर्मो जिंकले, तरी अरबी जाणणारे कारभारी, कारागीर आणि शेतकरी तिथेच राहिले. राजा दुसरा रॉजर याच्या दरबारात अल-इद्रीसी हा मुसलमान भूगोलज्ञ होता. ख्रिस्ती राजाच्या आज्ञेवरून त्याने अनेक वर्षे खपून जगाचा भूगोल लिहिला आणि 1154 मध्ये तो पूर्ण केला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया या गावाचे वर्णन येते. तिथे वाहते पाणी आहे, पाणचक्क्या आहेत आणि ‘इत्रिया’ इतकी बनते की ती कलाब्रियाला जाते, मुसलमानांच्या मुलखांत जाते आणि ख्रिस्त्यांच्या मुलखांतही जहाजे भरभरून जाते, असे तो सांगतो. इत्रिया म्हणजे कणकेचे वाळवलेले धागे. वाळवल्यामुळे ते टिकत, आणि टिकत म्हणून समुद्रापार जाऊ शकत.

पुढचा काळ सिसिलीच्या मुसलमानांसाठी कठीण होता. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने त्यांना बेटावरून हलवून इटलीच्या मुख्य भूमीवरील लुचेरा गावी नेऊन वसवले. 1300 मध्ये ती वसाहतही मोडली गेली आणि तिथल्या अनेकांना गुलाम म्हणून विकण्यात आले. माणसे गेली, पण त्यांचे शब्द लोकांच्या तोंडी राहिले. दक्षिण इटलीतल्या पुलिया भागात आजही हरभरे आणि पास्ता एकत्र करून ‘चीचेरी ए त्रिया’ नावाचा पदार्थ होतो. त्यातली ‘त्रिया’ ही त्या जुन्या इत्रियाची लेक. खाणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नाही.

उर्दू जाणणाऱ्यांना यात आणखी एक गंमत सापडेल. फारसीत ‘रिश्ता’ म्हणजे धागा, आणि कणकेच्या शेवयांनाही रिश्ताच म्हणतात. इराणमध्ये रमजानच्या इफ्तारला ‘आश-ए-रिश्ता’ हे पालेभाज्या, कडधान्ये आणि शेवयांचे दाट सूप आवडीने केले जाते. तोच शब्द उर्दूत येताना नात्याचा अर्थ घेऊन आला. इटालियनमध्ये ‘स्पागो’ म्हणजे दोरा, आणि ‘स्पॅगेटी’ म्हणजे बारीक दोरे. एकमेकांपासून दूरच्या दोन भाषांना एकाच जिनसेकडे पाहून धागाच आठवला.

महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरालाही हा धागा नवा नाही. उन्हाळ्यात अंगणातल्या बाजेवर वाळणाऱ्या शेवया हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतल्या. ईदचा शीरखुर्मा त्यांच्याशिवाय होत नाही. या शेवयांसाठी जाणत्या बायका बन्सी गहू मागत. बन्सी म्हणजे ड्युरम जातीचा कडक गहू, आणि इटालियन पास्ताही याच जातीच्या गव्हाच्या रव्याची असते. इटलीत 1967 च्या कायद्याने कोरडी पास्ता ड्युरम गव्हाचीच असावी असे बंधन घातले आहे. आपल्याकडे निफाडच्या गहू संशोधन केंद्राने दिलेला ‘गोदावरी’ हा वाण बन्सीच आहे. तेव्हा दुकानात पाकीट घेताना त्यावर ‘ड्युरम गव्हाचा रवा’ असे लिहिले आहे ना, एवढे पाहावे. मैद्याची पास्ता उकळत्या पाण्यात गिच्च होते आणि या पदार्थात ते झाकायला कसलाही रस्सा नसतो.

तेल, लसूण, मिरची

जैतुनाचा उल्लेख कुरआनात अनेकदा येतो. ‘अत्-तीन’ या सूरेचा आरंभच अंजीर आणि जैतुनाच्या शपथेने होतो. पण बाजारात जैतुनाचे तेल म्हणून जे मिळते ते सगळे सारखे नसते. फळे नुसती दाबून काढलेले, चव आणि वास शाबूत असलेले तेल म्हणजे ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’. ‘पोमस’ लिहिलेले तेल उरलेल्या चोथ्यातून काढून शुद्ध केलेले असते. ते तळणाला चालते, पण इथे तेलाचीच चव खायची असल्याने ते कामाचे नाही. औषधांच्या दुकानात मालिशसाठी मिळणारी छोटी बाटली तर स्वयंपाकात आणूच नये. महाग तेल घेणे जमत नसेल तर घाण्याच्या शेंगदाणा तेलात करून पाहावे. ते इटालियन राहणार नाही, पण चविष्ट होईल.

आपला गावरान लसूण बारीक पाकळीचा आणि तिखट. इटालियन पाककृतीत तीन-चार पाकळ्या लिहिलेल्या असतात, कारण तिथली पाकळी मोठी असते. आपल्या बारा-पंधरा पाकळ्या चौघांना पुरतात. लसूण ठेचू नये, पातळ चकत्या कराव्यात. लसूण चिरला किंवा ठेचला की त्यातले घटक एकत्र येऊन तिखट वास तयार होतो. जितके जास्त ठेचाल तितका तो उग्र. चकत्या मंद आचेवर तापल्या की हा उग्रपणा जातो आणि गोडसर चव उरते.

मिरची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर ती युरोपात आली आणि पोर्तुगिजांबरोबर गोव्याच्या वाटेने आपल्याकडे. नेपल्सच्या बशीत आणि कोल्हापूरच्या ताटात दोन्हीकडे ती पाहुणी म्हणून आली आणि घरची झाली. इथे दोन सुक्या लाल मिरच्या पुरेत. रंग हवा असेल तर ब्याडगी, झणका हवा असेल तर संकेश्वरी.

फोडणीची सवय विसरून

चौघांसाठी 320 ग्रॅम स्पॅगेटी घ्यावी. इटालियन हिशेब सोपा आहे. 100 ग्रॅम पास्ताला एक लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ. रोजाच्या दिवसांत पुढची तहान लक्षात घेऊन मीठ थोडे कमी करावे. तीन लिटर पाण्याला चहाचे चार सपाट चमचे पुरतात. पाणी खळखळ उकळले की मीठ घालावे आणि स्पॅगेटी न मोडता आत सोडावी. अर्ध्या मिनिटात ती नरम पडून स्वतःच पाण्यात बसते. सुरुवातीला दोन-तीनदा हलवावे, म्हणजे धागे एकमेकांना चिकटत नाहीत. पाण्यात तेल घालू नये. ते पास्तावर बसते आणि नंतरचा रस धरू देत नाही.

दुसऱ्या बाजूला रुंद कढई किंवा पॅन घ्यावा. इथे आपल्या हाताची सवय आड येते. आपण तेल कडकडीत तापवतो, मोहरी तडतडवतो आणि मग लसूण टाकतो. फोडणीला तेच योग्य. इथे मात्र गार पॅनमध्ये गार तेल ओतावे, साधारण सहा मोठे चमचे. त्यातच लसणाच्या चकत्या घालाव्यात आणि मग खाली अगदी मंद आच लावावी. तेल हळूहळू तापते तसा लसणाचा वास त्यात उतरतो. चकत्यांभोवती बारीक बुडबुडे दिसू लागले की मिरचीचे तुकडे घालावेत. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून तिला तेलात दोन मिनिटे मिळायलाच हवीत.

लसूण फिकट सोनेरी झाला की आच बंद करावी. तेल गरम असते, त्यामुळे तो पुढेही थोडा शिजतो. तपकिरी झाला तर कडू लागतो आणि तो कडूपणा सगळ्या तेलात उतरतो. तसे झालेच तर ते तेल बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात करावी. चार चमचे तेल वाचवण्याच्या नादात चार माणसांचे जेवण बिघडते. या सगळ्या वेळात चुलीजवळून हलायचे नाही. सब्र हा शब्द रमजानमध्ये वारंवार कानी पडतो. या पदार्थाला तो पाच-सात मिनिटांपुरताच लागतो, पण पुरता लागतो.

पाकिटावर दहा मिनिटे लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला स्पॅगेटी चिमट्याने उचलून थेट पॅनमध्ये घ्यावी. धागा दाताखाली किंचित टणक लागला पाहिजे. ती उकळलेले पाणी मोरीत ओतून देऊ नये. त्यात पास्ताचा स्टार्च उतरलेला असतो आणि भाताच्या पेजेसारखा त्याला दाटपणा असतो. त्यातले वाटीभर पाणी पॅनमध्ये घालावे, आच मोठी करावी आणि दोन मिनिटे पास्ता सतत परतत, उडवत राहावी. तेल आणि पाणी एरवी मिसळत नाहीत, पण या स्टार्चमुळे दोन्ही एकजीव होतात आणि धाग्यांवर चकचकीत, दाटसर रस चढतो. पास्ता कोरडी वाटली तर आणखी थोडे पाणी घालावे, तेल नव्हे. बशीच्या तळाशी तेल साचून राहिले तर समजावे की पाणी कमी पडले किंवा परतणे कमी झाले.

वरून बारीक चिरलेली पार्सली घालतात. ती मिळाली नाही तर थोडी कोथिंबीर चालेल, पण बेताने. तिचा वास जोरकस असतो आणि लसणाला दाबून टाकतो.

सगळ्यांच्या ताटात

या पदार्थाच्या जुन्या रूपात चीज नाही. मिश्र वस्तीच्या गावात ही गोष्ट सोयीची आहे. इटलीचे प्रसिद्ध पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेले असते. त्यामुळे ते शाकाहारी माणसाला चालत नाही आणि हलालबाबत काटेकोर असणाऱ्यांनाही ते खाण्याआधी विचार करावा लागतो. दक्षिण इटलीतल्या गरीब घरांनी यावर आपला तोडगा काढला होता. शिळ्या पावाचा चुरा चमचाभर तेलात खरपूस भाजून तो चीजऐवजी वरून भुरभुरायचा. आपल्याकडे कालचा पाव उरलेला असतोच. त्या चुऱ्याने मऊ पास्ताला छान कुरकुरीतपणा येतो. लसूण न खाणाऱ्या जैन शेजाऱ्यासाठी मात्र या पदार्थात जागा नाही. त्याच्यासाठी ताटात दुसरे काही ठेवावे.

सेहरीलाच करायचा असेल तर मिरची निम्मी करावी आणि मीठही आणखी उतरवावे, म्हणजे दिवसभर घसा कोरडा पडणार नाही. त्यापेक्षा तरावीहनंतरची वेळ याला अधिक मानवते.

एक अडचण शेवटी सांगायलाच हवी. ईदला शीरखुर्मा डब्यात भरून, वर रुमाल झाकून शेजारच्या घरी पाठवता येतो. आल्यो ए ओल्यो असा पाठवता येत नाही. दहा मिनिटांत त्याचा रस सुकतो आणि धागे एकमेकांना घट्ट धरून बसतात. म्हणून शेजाऱ्याला तो खाऊ घालायचा असेल तर त्यालाच घरी बोलवावे लागते. पाण्याला उकळी फुटण्याआधी निरोप धाडावा, दस्तरखान अंथरावा, सगळे बसले की मगच स्पॅगेटी पाण्यात सोडावी.