जिवंत रोपांची मोजणी

पहाटे पाच. मे महिन्यात यवतमाळात मोजणी दहाच्या आत आटोपली तर आटोपली. पुढे ऊन उभं राहू देत नाही. पांढरकवड्याकडच्या या पट्ट्यात टिपेश्वरचे वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाहीत, म्हणून बीटवर एकटीनं जायचं नाही. सोबत वनमजूर काका, जवळच्या कोलाम पोडावरचे.

साडेपाच. रोपवन. दोन बाय दोन मीटर अंतर, म्हणजे हेक्टरी २५०० खड्डे. नमुना प्लॉट आखून त्यातली ओळ न् ओळ चालायची. रकाने तीन: जिवंत, मृत, रिकामा.

साडेसात. खरी पंचाईत सागाची. रोपवाटिकेतून जडी येते तीच मुळी शेंडा आणि बारीक मुळं छाटून; त्यात उन्हाळ्यात पानगळ. लांबून पाहणारा अर्धं रोपवन मेलं म्हणून मोकळा होईल. मी बुंध्याशी अंगठ्याच्या नखानं साल खरवडते. खाली ओलसर हिरवा पापुद्रा दिसला की जिवंत. तपकिरी लागलं तर आणखी खाली, मातीलगत. वणव्यात शेंडा जळाला तरी मूळ पावसात फुटवा काढतं. मी ‘मृत’वर पेन टेकवला की काका अडवतात, “थांबा मॅडम, मेलं नाई थे. झोपून हाये.” बहुतेकदा त्यांचंच खरं ठरतं.

नऊ. कुंपण तुटलेलं, बांबू गुरांनी खाल्लेला. दुरुस्तीला माणूस नाही, सगळे तेंदूपत्त्याला.

दुपारी एक. चौकीत बेरजा. २०१९ला राज्यानं ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. लावलेल्यांचा आकडा पेपरात येतो, जगलेल्यांचा आमच्या वहीत राहतो.

प्रशिक्षणातली मैत्रीण मालवणला असते. तिथल्या समुद्रातही प्रवाळाच्या रोपणाचे प्रयोग झालेत. चौकटीवर वाढवलेले तुकडे खडकावर बसवायचे, क्रमांकाचा बिल्ला लावायचा, पुन्हा बुडी मारून मोजपट्टीनं वाढ पाहायची. पाणी फार तापलं की प्रवाळ अंगातलं शैवाल टाकून पांढरं पडतं. पण लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परतून ते सावरतं. म्हणून पाणबुडे ‘पांढरं पडलेलं’ वेगळं नोंदवतात. हे तिच्याकडून ऐकल्यापासून मीही पेन्सिलनं चौथा रकाना आखते: ‘बघू’.

साडेपाच. नांग्या भरायला रोपवाटिकेकडे मागणी. त्यात फक्त ‘मृत’ आणि ‘रिकामा’. ‘बघू’तल्या खड्ड्यात दुसरं रोप ठोकलं तर काका पावसाळाभर माझ्याशी बोलायचे नाहीत.